भागाबाईची फुंकर

धुळ्याच्या देवपुरातल्या एका गल्लीत भागाबाईच्या हाताला नाव होतं. चौदा वर्षं ती तिथे घरोघरची भांडी घासत होती आणि चौदा वर्षांत तिच्या हातून एक कपसुद्धा फुटला नव्हता. हे लोक जितक्या वेळा सांगत, त्याहून जास्त वेळा ती स्वतःच सांगायची. सांगणारच! नरडाण्याजवळच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर धुळ्याला आली तेव्हा अंगावरच्या लुगड्याखेरीज तिच्याजवळ होतं काय? नवरा लोटन तेलाच्या घाण्यावर लागला, ती भांड्यांना लागली, आणि दोन-तीन वर्षांत बायका तिला एकमेकींकडून पळवायला बघू लागल्या.

मग गल्लीत पाण्याचे फिल्टर आले. पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. ते तुरटी फिरवून फडक्यातून गाळण्यापेक्षा एकावर एक ठेवलेले स्टीलचे दोन डबे बरे, वरच्या डब्यात पाणी गाळणाऱ्या मातीच्या दोन पांढऱ्या कँडल, खालच्याला तोटी. पण या बायकांना घासण्याची भारी हौस. एकीने पितळी तांब्या घासावा तशी राखेने कँडल घासून पार झिजवून टाकली. तेव्हापासून भागाबाईने फर्मानच काढलं, फिल्टरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दर रविवारी सुकलेल्या घोसाळ्याची जाळी घेऊन ती कँडल अशा हळुवारपणे धुवायची, जणू तान्ह्या पोराचं डोकं. तिच्या स्वतःच्या घरी नळाला फडकंच होतं, पण चांगलं चौपदरी.

एकोणनव्वदच्या श्रावणातली गोष्ट. कोर्टातल्या नाझरांची बायको द्रौपदाबाई, गल्लीची अक्का, हिची लेक बेबी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. रविवारी डोहाळजेवण ठरलेलं. शनिवारी दुपारी भागाबाई कामाला आली तर स्वयंपाकघरात अक्का आणि शेजारची मंदाबाई फिल्टरपुढे कौतुकाने उभ्या.

"सकाळपासून तीनदा भरला, तीनदा उतरला!" अक्का म्हणाल्या. "उद्याच्या पाण्याची काळजीच मिटली. सगळी भागाबाईच्या हाताची किमया."

"आमचा मेला थेंब थेंब गळतो," मंदाबाई म्हणाली. "भागाबाई, उद्या सकाळी आधी आमच्याकडे ये बाई."

भागाबाईचं लक्ष मात्र त्या 'तीनदा'वर अडकलं. चांगली कँडल सावकाशच चालते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पाणी भराभर उतरतंय म्हणजे ते गाळून येत नाही, कुठून तरी फटीतून येतंय. आणि गेल्या रविवारी मोरीच्या कडप्प्याला एक कँडल टक् करून लागली होती. तिने फिरवून फिरवून पाहिली, काही दिसलं नाही, म्हणून तशीच बसवून टाकली. बोलली कुणालाच नाही.

गप्प बसली असती तर? रविवारी धुताना 'झिजली' म्हणून सांगता आलं असतं. कौतुकही राहिलं असतं आणि नावही. तेवढ्यात बेबी आत आली, तिने तोटीखाली पेला भरला आणि तोंडाला लावायला उचलला.

"बेबी, थांब!" भागाबाईने पेला तिच्या हातातून काढून सरळ मोरीत ओतला.

भागाबाईने वरचा डबा रिकामा केला, आधी कँडलखालची रबरं तपासली, मग दोन्ही कँडल काढल्या. पहिली बादलीत बुडवून तिने खालच्या नळीतून फुंकर मारली. काही नाही. दुसरीत फुंकर मारली आणि बुडाजवळच्या एकाच जागेवरून बुडबुड्यांची माळ सुटली.

"पाह्यं का? पानी या चीरमाथून उतरी ऱ्हायनं," ती म्हणाली. "मन्हा हातनी फुटनी, अक्का. मांगला आइतवारले कडप्पाले लागनी व्हती. मी सांगं नही."

अक्कांचा चेहरा लाल झाला. "आठवडाभर माझी पोर हे पाणी पितेय भागाबाई! आणि तू आज सांगतेस?"

मंदाबाईने उद्याचं बोलावणं हळूच गिळून टाकलं.

"बोलनं व्हई ते मंग बोला. पहिले पानी उकयाले ठेवा," भागाबाई म्हणाली आणि कुणाची वाट न बघता स्टोव्ह पेटवायला बसली. दिवेलागणीपर्यंत तिने पातेल्यांमागून पातेली उकळली, चौपदरी फडक्यातून गाळली, माठ घासून भरले. भागाबाई ताठ मानेने काम करत राहिली. घरी गेल्यावर मात्र लोटनपुढे ती ढसाढसा रडली. चौदा वर्षांचं नाव एका टक्‌मध्ये गेलं होतं, आणि त्याहून बेबीची धास्ती मोठी होती.

डोहाळजेवण नीट पार पडलं. रविवारी मंदाबाईने बोलावलं नाही. सोमवारी दवाखान्यात बेबीची तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. ते ऐकून भागाबाईच्या जिवात जीव आला.

मंगळवारी अक्कांनी दोन नव्या कँडलचा खोका ओट्यावर ठेवला. भागाबाई दोन पावलं मागेच उभी राहिली.

"बघतेस काय? बसव," अक्का म्हणाल्या.

"उभ्या ऱ्हाईसन पाही ल्या, अक्का."

"मला काय दुसरी कामं नाहीत?" म्हणत अक्का बाहेर गेल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

भागाबाईने पदराला हात पुसले. आधी बादली भरली, दोन्ही कँडलमध्ये फुंकर मारून पाहिली, मग त्या बसवल्या आणि वरचा डबा भरून कान देऊन बसली. बऱ्याच वेळाने आत एक थेंब पडला. मग दुसरा.

बाहेर बेबी पाणी मागत होती.

"जरा दम धर," अक्का तिला सांगत होत्या. "वेळ लागेल. भागाबाईने बसवलाय."