हिराच्या बर्फावर कोणी बोली चढवेना

मंडळी, जेवलात का? मी बोलते आणि फोन लिहितो, चुकलं तर हसू नका.

माझ्या नातीने, सायलीने, आमच्या कोळीवाड्यात मोठी गंमत केलीय. बर्फ थोडा, होड्या जास्त. म्हणून तिने प्रत्येक होडीचा एकेक दलाल फोनात बसवला. ते आपापसात बोली लावून बर्फ वाटून घेतात, वर कोणी मुकादम नाही! आमच्या जुन्या बोल्या बघून शिकले म्हणे. गुणाची गो पोर माझी!

आज सकाळी शेजारच्या हिराच्या दलालाने बोली लावली आणि बाकी सगळे गप्प. आमच्यात सुतकाच्या घरावर कोणी बोली चढवत नाही. पण हिराकडे सुतक कुठलं? तिचा मुलगा तेवढा समुद्रात होता.

"मावशे, माझा पोर गो..." म्हणत हिरा बंदराकडे धावत सुटली.

दुपारी पोरगा हसत उतरला. "आये, रडतेस काय? पापलेट बघ!" आम्ही त्याला आधी बदडलं, मग ओवाळलं.

सायली म्हणाली, "आजी, तपासलं. बिघाड काहीच नाही."

संध्याकाळी हिराने मुद्दाम परत बोली लावून बघितली. बाकीचे पुन्हा गप्प. पोरगा पहाटे निघतो म्हणतोय.

तुम्ही असतात तर जाऊ दिलं असतं का?