भाचीच्या कानात मी चुकीचं नाव सांगितलं

मंडळी, आज माझी पार वाट लागलीय. ऐका आणि काय करू ते सांगा.

धाकटा भाऊ कॅनडात, आज त्याच्या मुलीचं बारसं आणि मी आत्या घाटकोपरला. मग ठरलं, मी व्हिडिओ कॉलवर नाव सांगायचं, त्याने फोन बाळाच्या कानाशी धरायचा. नाव त्याने काल मला एकटीलाच कळवलं होतं: ईरा.

आईला फोनवर नीट दिसत नाही, म्हणून कॉल लॅपटॉपवर घ्यायला गेले. कॉल फोनवर वाजतोय, लॅपटॉप ढिम्म! लॉगआउट केलं, परत कोड स्कॅन केला, वायफाय बंद-चालू केलं. 'मेसेज सिंक होत आहेत' म्हणत गोल नुसतं फिरतंय. या भानगडीत फोनची बॅटरी संपली, तो किचनमध्ये चार्जिंगला लावला. शेवटी लॅपटॉपवर कॉल लागला एकदाचा.

मी म्हटलं, "ईरा!" आईने रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, "कुर्रर्र!"

तिकडे कोणी हसेना. भावजय मानसी उठून आत गेली.

"ताई, मेसेज केला होता ना गं मघाशी," भाऊ म्हणाला.

धावत जाऊन फोन बघितला. 'नाव बदललंय. मानसीच्या आईचं ठेवतोय, सुमन.' तिची आई गेल्याच वर्षी गेली.

माझी आई म्हणते, कानात पहिलं पडलं तेच नाव.

मानसीला काय सांगू? सिंक झालं नाही म्हणून? लॅपटॉपवरून 'सॉरी' पाठवलंय. त्याच्यापुढे अजून घड्याळच दिसतंय.