लाल लोकरीचे दोनशे तुकडे

एकोणीस वर्षांत माझ्या जावयाने माझ्याकडे एकही गोष्ट मागितली नव्हती. लग्नात मागितली नाही, नंतरही नाही. हल्ली मी त्यांच्याच घरी राहते, तरी साधा चहासुद्धा मागत नाहीत. रिकामा कप टेबलावर जरा जोरात ठेवतात, की मी समजायचं. असा हा माणूस एके दिवशी सकाळी माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, लोकर आहे का?"

"किती हवी?"

"बोटाएवढे तुकडे. दोनशे."

मी धाकट्या लेकाच्या बाळासाठी लाल स्वेटर विणत होते. पाठ झाली होती, पुढचा भाग निम्म्यावर आला होता, बाह्या राहिल्या होत्या.

"लाल चालेल?"

"लालच हवी. लांबून दिसली पाहिजे."

स्वयंपाकघरातून माझी लेक ओरडली, "आई, आधी विचार कशाला हवी ते! मग दे."

"वाऱ्यासाठी," जावई म्हणाले.

"का हो, त्याला थंडी वाजते?" मी विचारलं.

जावई हसले नाहीत. ते हसतात, पण दुसऱ्या दिवशी. मी कात्री घेतली आणि बाह्यांची लोकर कापायला बसले.

आमचे जावई पत्र्याचं काम करतात. त्यांचे वडील बालद्या आणि पिंपं बनवायचे. यांनी सातवीनंतर शाळा सोडली आणि ट्रकच्या मागच्या पेट्या बांधतात त्या शेडमध्ये शिरले. पेटी म्हणजे ट्रेलरवरची ती मोठी बंद खोली, जिच्यातून माल जातो. आता ती शेड तेच चालवतात. हाताखाली चार माणसं. शेड आमच्या घरासमोरच, रस्त्याच्या पलीकडे. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं, आणि ऐकू तर नको तितकं येतं. आधी पेटीची जमीन घालतात, मग भिंती उभ्या करतात, मग छत. दार सगळ्यात शेवटी. सामान आत-बाहेर न्यायला मागची बाजू उघडी लागते ना, म्हणून. असंच चाललंय, त्यांच्या गुरूंच्याही आधीपासून.

तीस वर्षं त्यांनी चौकोनी पेट्या बांधल्या. माप दुसऱ्याचं, हात यांचे. पण मनात काहीतरी चाललेलं असायचं. एकदा न्हाणीघरातून ओला साबण हातात घेऊन बाहेर आले आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"बघा आई, पाण्याने झिजून याचा आकार कसा झालाय. पुढे गोल, मागे निमुळता. पाण्याला जाताना त्रास नको, म्हणून पाण्यानेच घासून घेतलाय."

"मला दिसतंय ते एवढंच, की ताटाशेजारी साबण आहे," मी म्हटलं.

"वाराही तसाच. आपण चौकोनी पेटी त्याच्यात ढकलतो. कपाट उचलून पळायचं म्हटलं तर किती दम लागेल? निम्मं डिझेल तर वारा ढकलण्यातच जातं."

तेव्हापासून शेडमधली माणसं त्यांना वारेमास्तर म्हणायला लागली. तोंडावरसुद्धा.

त्या माणसांचं एक वेळ ठीक होतं. पण नऊ ट्रकांच्या मालकीणबाईंनी एकदा ते ऐकलं आणि विचारलं, "हे वारेमास्तर काय प्रकरण आहे?" या बाई स्वतः दहा वर्षं ट्रक चालवून मग मालकीण झालेल्या. नाकावर माशी बसू देत नाहीत. जावयांनी त्यांना शेडच्या फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. पेटीचं छत पुढून हळूच चढत मध्ये उंच होतं आणि मागे उतरत जातं. खाली चाकांच्या बाजूंनी पत्र्याची झालर.

बाई बराच वेळ चित्राभोवती फिरल्या. मग म्हणाल्या, "एक बांधा. माझ्याच एका जुन्या पेटीवर. डिझेल कमी लागलं पाहिजे, आणि माल पहिल्याइतकाच गेला पाहिजे. दोन्ही जमलं तर बाकीच्या पेट्याही अशाच करू. एक जरी चुकलं, तर छत तुमच्या हाताने कापायचं आणि मला माझी चौकोनी पेटी परत द्यायची."

"चालेल," जावई म्हणाले.

घरी आल्यावर हे ऐकून लेकीने कपाळाला हात लावला. "अहो, 'चालेल' काय? पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनातलं काही बांधणार, आणि तेच स्वतः कापायला 'चालेल' म्हणून आलात?"

त्यांनी रिकामा कप जोरात ठेवला.

लोकर लागली ती यासाठीच. आधी एका जुन्या चौकोनी पेटीला माझे तुकडे एका टोकाने चिकटपट्टीने लावले. मग लेक आमची छोटी गाडी घेऊन ट्रकच्या मागे निघाली, आणि मला शेजारी बसवलं. कारण असं की, धावत्या गाडीतून दोनशे दोरे मोजायला कुणालाच जमेना. मला विणताना टाक्यांची रांग नजरेनेच मोजायची सवय. जिथे वारा सुरळीत जातो तिथे दोरा पत्र्याला चिकटून निजतो; जिथे अडतो तिथे नाचतो. जुन्या पेटीच्या मागच्या अंगाला सगळे दोरे शाळा सुटल्यासारखे. बाजूंनाही धिंगाणा. निजलेले जेमतेम साठ निघाले.

दीड महिन्यानंतर नवी पेटी तयार झाली. पुन्हा तेच तुकडे, तोच रस्ता. एका उतारावर ट्रक खाली आणि आम्ही वर होतो, तेव्हा छतही दिसलं. दोरे असे निजले होते, जसं कुणी भांग पाडून तेल लावलंय.

"एकशे ऐंशीच्या वर आहेत," मी म्हटलं.

"नक्की ना, आई?" लेकीने विचारलं.

"अगं, तुझे स्वेटर विणताना एक टाका कधी चुकला होता का माझा?"

"निळ्याची एक बाही लांब होती."

"तुझाच एक हात आखूड होता."

पुढच्या आठवड्यात ट्रक खरोखरच्या मालासकट गेला. बिस्किटांची खोकी. ड्रायव्हर तोच, पंप तोच, अंतर तेच. ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणतात, कारण तो कानात बोलला तरी गल्लीला ऐकू जातं. तो परत आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "वारेमास्तर! जुनीला शंभर लिटर लागायचे तिथे एक्क्याण्णव! आणि बाजूने दुसरी मोठी गाडी गेली तरी हलली नाही हो!"

शेडमधल्या माणसांनी पत्रे बडवले. जावई दारात उभे राहून चष्मा पुसत राहिले. लेकीने मला मिठी मारली, माझी सुई तिच्या दंडात घुसली, तरी ओरडली नाही.

पण भोंग्याचं बोलणं संपलं नव्हतं. या वेळी मात्र तो हळू बोलला, म्हणून मला खिडकीतून ऐकू आलं नाही. जावयांचा चेहरा तेवढा दिसला.

झालं होतं असं. गोदामातले हमाल सहा खोक्यांची थप्पी लावतात आणि ढकलगाडीवरून तशीच्या तशी आत नेतात. छत मागे उतरतं केल्यामुळे दाराची उंची एका खोक्याने कमी झाली होती. पेटीच्या पोटात सात खोकी उभी राहतील एवढी जागा, पण दारातून पाचच जातात. हमालांनी थोडा वेळ वरचं खोकं काढ, आत ने, पुन्हा चढव, असं केलं. मग त्यांचा मुकादम म्हणाला, हे आमचं काम नाही. पाच-पाचच्या थप्प्या लावल्या आणि दार लावलं. दोनशे चाळीस खोकी जायची, तिथे दोनशेच गेली. चाळीस गोदामात राहिली.

जावयांनी आतली उंची तीनदा मोजली होती. थप्प्या आत रचूनही पाहिल्या होत्या. पण शेडमध्ये, दार बसायच्या आधी, मागची बाजू सताड उघडी असताना. दार आपलं नेहमीप्रमाणे शेवटी बसवलं, छत उतरून जेवढी जागा उरली तेवढ्यात.

मालकीणबाई आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "डिझेलचं तुम्ही खरं केलंत. मालाचं नाही. शनिवारी भरलेली फेरी आहे. तोवर जमत असेल तर जमवा, नाहीतर शुक्रवारी कापायला घ्या."

"झालर एका गतिरोधकाला घासली होती," भोंगा मध्येच म्हणाला.

"तू गप रे," बाई म्हणाल्या.

तो सोमवार होता. मंगळवारी जावई पेटीच्या आत बसून राहिले. बुधवारी झालरीच्या खालच्या कडेला जुन्या पट्ट्याचं रबर लावलं. घासलं तर वळेल, तुटणार नाही. ते सोपं होतं. दाराचं सुचत नव्हतं. दार उंच करावं तर छत उचलावं लागतं, छत उचललं तर दोरे पुन्हा नाचणार. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी कापायचं यंत्र पुसून दाराशी आणून ठेवलं. मी खिडकी लावून घेतली.

गुरुवारी सकाळी मी स्वेटरचा गळा संपवत होते. जावई समोर बसले होते. चहा गार झालेला.

"आई, बाळाचं डोकं यातून जाणार नाही," ते अचानक म्हणाले.

आता, तीन बाळंतपणं करून तीन पोरं वाढवलेल्या बाईला हे सांगायचं! "जाईल की."

"गळा केवढा, डोकं केवढं. मी मापं बघूनच सांगतो."

"मापं बघूनच तुम्ही दार केलं होतं," मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली. पण बोलून गेले होते, मग हातातलं काम पुढे केलं. "हे बघा. खांदा शिवायचाच नाही. इथे दोन बटणं. घालताना उघडायचं, डोकं गेलं की लावायचं. गळा घट्टच राहतो."

त्यांनी स्वेटर हातात घेतला. खांदा उघडला. मिटला. पुन्हा उघडला. मी म्हटलं, अहो, सैल होईल. त्यांना ऐकूच गेलं नाही. चहा तसाच टाकून चपला न घालता रस्ता ओलांडून गेले.

"स्वेटर कुठे गेला?" लेकीने विचारलं.

"शेडमध्ये," मी म्हटलं.

शुक्रवारी यंत्र चाललं, पण पेटी चौकोनी करायला नाही. छताचा मागचा, दोन माणसं लांबीचा तुकडा त्यांनी कापून वेगळा केला, पुढच्या कडेला बिजागऱ्या लावल्या आणि हाताने फिरवायचा जॅक बसवला. जॅक फिरवला की झाकण वर, दाराची चौकट पूर्ण उंच. माल भरला की झाकण खाली, छत पुन्हा उतरतं. शेवटच्या थप्प्या पाचच्याच राहणार. त्यांची वरची खोकी मध्ये, जिथे छत उंच आहे तिथे सातवी म्हणून चढवायची. लेकीने उरलेले दोरे झाकणाच्या सांध्यावर लावले आणि आम्ही एक चक्कर मारून आलो. सांध्यापाशी चार नाचले. बाकीचे निजले.

शनिवारी मीही गोदामात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी स्वेटर परत आणायला गेले होते, असं म्हणा.

भोंग्याने जॅक फिरवला. मुकादम कमरेवर हात ठेवून बघत होता. पहिली सहाची थप्पी दारातून सरळ गेली. त्याने दुसऱ्या हमालाला मानेने खूण केली. मग नुसती चाकांची खडखड. मी मोजत होते, जावईही मोजत होते. आमचे ओठ हलत होते. झाकण खाली आलं. दार लागलं. जमिनीवर चार खोकी उरली.

दोनशे छत्तीस.

मालकीणबाई त्या चार खोक्यांकडे बघत उभ्या. जावयांनी मान खाली घातली होती, आणि माझ्या लेकीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

"मी दोन माझ्या शेजारी ठेवतो," भोंगा म्हणाला. "उरलेली दोन खाल्ली तरी चालतील."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "भरायला किती वेळ लागला?"

"रोजच्याएवढाच," मुकादम म्हणाला. मग जरा थांबून, "ते जॅकचं हँडल दुसऱ्या बाजूला हवं. माझी माणसं उजव्या बाजूला उभी असतात."

बाई दारापर्यंत गेल्या, वर हात करून झाकणाचा सांधा चाचपला. "चार खोक्यांचं मी गोदामवाल्यांशी बोलीन," त्या म्हणाल्या. "दुसरी पेटी सोमवारी पाठवते. पण मास्तर, या खेपेला दार आधी बसवा."

"चालेल," जावई म्हणाले. आणि हसले. त्याच दिवशी.

आज मंगळवार. माझ्या खिडकीतून शेडचं अंगण दिसतंय. अंगणाच्या मधोमध एक दाराची चौकट उभी आहे, वर झाकण, उजवीकडे हँडल. भिंती नाहीत, छत नाही, जमीनसुद्धा नाही. जावयांनी मुकादमाला बोलावून घेतलंय, आणि तो सहाऐवजी सात खोक्यांची थप्पी घेऊन त्या दारातून जातोय, पलीकडून वळून पुन्हा येतोय. शेडमधली माणसं पोट धरून हसताहेत. जावई हातात फूटपट्टी घेऊन बाजूला उभे आहेत, अगदी गंभीर.

स्वेटर परत मिळाला. खांद्याला काळ्या तेलाची बोटं आहेत, धुऊन गेली नाहीत. बाह्या राखाडी केल्यात. लाल लोकर उरली नव्हती, आणि जी आणली ती काल त्यांनी मागून नेली.