वरच्या गल्लीचं पाणी

पाणीपुरवठा विभागात त्यांना सगळे मामा म्हणत. एकतीस वर्षं काम एकच. पहाटे लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, खालचे व्हॉल्व्ह फिरवून एका भागाचं पाणी सोडायचं, दुसऱ्याचं बंद करायचं. मी तिथे नवी इंजिनिअर म्हणून लागले आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसातला नकाशा घेऊन एक व्हॉल्व्ह शोधायला जाऊन तोंडघशी पडले. मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, नकाशा खोटारडा नाहीये. म्हातारा झालाय. रस्ता रुंद झाल्याचं त्याला कुणी सांगितलंच नाही."

खरा नकाशा मामांच्या डोक्यात होता. याची काळजी आम्हा कुणालाच नव्हती, मामांनाही नव्हती.

सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. ऑपरेशनचा उपयोग नाही, सहा-आठ महिने धरून चला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी रजा टाकली आणि घरी पलंगावर पडून राहिले. लोक भेटायला यायचे. "दारात चपला उतरवतात, तसा चेहरापण उतरवूनच आत येतात," असं मामा मामींना म्हणाले. पण हा विनोद तेवढाच. बाकी आठ दिवस ते भिंतीकडे तोंड करून होते. जेवणाचं ताट मामी तसंच परत न्यायच्या.

नवव्या दिवशी बेकरीसमोर पाइप फुटला. पाणी दुकानांत शिरायला लागलं, आम्ही तीन खड्डे खणले, व्हॉल्व्ह सापडेना. लाज गुंडाळून मी मामांना फोन लावला.

"बेकरीच्या पायरीपासून शाळेच्या दिशेने अकरा पावलं. माझी, तुमची नाही. तुमची चौदा होतील."

चौदाव्या पावलावर पहार वाजली. अर्ध्या तासाने मामा स्वतः रिक्षातून उतरले, मागून मामी. मामांनी खड्डे बघितले, मग माझ्याकडे.

"मॅडम, मी गेल्यावर फोन कुणाला लावणार?"

मी हातातला नकाशा उलटसुलट करून बघायला लागले. माझी ती गोची बघून मामा चक्क हसले. मामी मला नंतर म्हणाल्या, आठ दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी एकच विचारलं, "माझे पाय किती दिवस चालतील?" डॉक्टर थोडे गडबडले. म्हणाले, चार महिने, फार तर पाच. मामा मामींना घेऊन तडक ऑफिसात आले. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं, असं त्यांनी साहेबांना सांगितलं. साहेब कचरले. "आजारी माणूस रस्त्यात पडला तर जबाबदारी कुणाची?"

"घरात पडले तर माझी," मामी म्हणाल्या. "रस्त्यात पडले तरी माझीच. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला मीच असणार आहे."

साहेबांनी सही केली.

मग रोज सकाळी सहा ते नऊ आम्ही तिघं फिरायचो. मामा बोट दाखवायचे, मामी मोजपट्टी ओढायच्या, मी लिहायचे. मध्येच दुखायला लागलं की मामा कुठल्याही दुकानाच्या पायरीवर बसायचे, गोळी घ्यायचे आणि दुकानदाराला त्याच्या पायरीखालून कुठला पाइप जातो ते ऐकवायचे. माणूस वाळत चालला होता, पण आवाजात पुन्हा जोर आला होता.

तिसऱ्या महिन्यात आम्ही वरच्या गल्लीत पोचलो. तिथे वर्षानुवर्षं नळाला करंगळीएवढी धार. मामा मुद्दाम पाणी तोडतात, अशी तिथल्या लोकांची खात्री होती. कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्या बाई तर त्यांना बघितलं की दारात उभं राहून उद्धार करायच्या. मामा म्हणायचे, गल्ली चढावर आहे, काय करणार?

त्या दिवशी मात्र मापं घेताना ते मध्येच थांबले. चावीचं एक टोक रस्त्याला, दुसरं कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिले. "इथे पाणी अडखळतंय. पण इथे तर काहीच नाही."

खणलं. डांबराच्या दोन थरांखाली एक व्हॉल्व्ह निघाला. नकाशात नाही, मामांच्या डोक्यातही नाही. मामांच्याही आधी कुणीतरी तो अर्धा बंद करून ठेवला होता आणि वरून रस्ता झाला होता. मामा खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. "म्हणजे बाई बरोबर होत्या. चूक चढाची नव्हती, आमचीच." मग उठले, चावी लावली. गंज इतका की तिघांनी मिळून जोर लावला, तेव्हा कुठे फिरला.

लाँड्रीतून आरडाओरड ऐकू आली. बाई ओल्या साडीनिशी बाहेर. उघड्या राहिलेल्या नळाची धार बादली उलथून अंगावर आली होती.

"मामा, बारा वर्षं शिव्या घातल्या हो मी तुम्हाला..."

"आणखी चार घाला नंतर. आधी नळ बंद करा, पाणी वाया चाललंय."

परत येताना ते रिक्षात मला म्हणाले, "सत्तावन्न पुरी झाली आणि आज नवं काहीतरी कळलं. बरं झालं मी घरी निजून नव्हतो."

पाचव्या महिन्यात पाय थांबले. एकोणीस व्हॉल्व्ह राहिले होते. ते मामांनी पलंगावरून फोनवर सांगितले, मी आणि मामींनी शोधले. एक सापडला नाही, तर मामा आमच्यावर असे डाफरले की मामी म्हणाल्या, "काही झालेलं नाही या माणसाला." शेवटी तोही मिळाला. एकूण दोनशे चौदा. पक्का नकाशा मी घरी नेऊन त्यांच्या पांघरुणावर पसरला. त्यांनी बोट फिरवत एकूण एक तपासला आणि दोन चुका काढल्या.

नवव्या महिन्यात, एका सकाळी, मामी शेजारी असताना ते गेले. त्या दोन्ही चुका दुरुस्त झाल्या होत्या. ते मी त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी मान डोलवली होती.