मेली मान

पंपांच्या सरकारी कारखान्यात त्याला सगळे ‘संचालक’ म्हणायचे. थट्टेनं नव्हे हं, खरोखरचा संचालक! लेथवरचा कामगार, पण कामगारांनी मतं देऊन संचालक मंडळावर पाठवलेला. निवडून आला तेव्हा ओतशाळेत लोखंड ओतणाऱ्या धाकट्या भावानं त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. ‘दादा, आता वर आपलं माणूस आहे!’

वरची खोली गारेगार, खुर्ची अशी मऊ की माणूस बसला की आत गेलाच. अध्यक्ष सारखे बदलायचे. आत्ताचे मत्स्यखात्यातून आलेले. पंपाचा आणि पाण्याचा संबंध असतो, एवढीच त्यांची ओळख. पण बोलायला गोड. ‘या संचालकसाहेब,’ म्हणत स्वतः खुर्ची पुढे करायचे. जन्मात कुणी साहेब म्हटलेलं नाही, बिचारा विरघळायचा. ते बोलले की हा मान डोलवायचा. मान डोलवायला काय जातंय, असं त्याला वाटायचं.

एका बैठकीत ओतशाळेचा विषय निघाला. ती तोट्यात चालते म्हणून बंद करून ओतकाम बाहेरून घ्यायचं होतं, आणि कुणाकडून तेही ठरलेलं – मंत्र्यांच्या मेहुण्याकडून. तो मऊ खुर्चीतून पुढे सरकला. अहो, भट्टीला तुम्हीच कोळसा येऊ दिला नाहीत, मग तोटा होणार नाही तर काय? शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात अध्यक्ष त्याच्याकडे वळून हसले. ‘संचालकसाहेब तर आपल्या घरचेच. काय, बरोबर ना?’

आणि मेली मान हलली!

‘सर्वानुमते मंजूर,’ असं म्हणून अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.

फाटकावर सूचना लागली ती नुसती ‘मंडळाचा निर्णय’ म्हणून. संध्याकाळी भाऊ घरी आला. आता हा गचांडी धरणार, म्हणून संचालक दारातच उभा राहिला. धरली असती तर फार बरं झालं असतं. भाऊ खाली बसला, बूट काढले.

‘पोरं संपावर जायला निघाली होती, दादा. मीच थांबवली. म्हटलं, वर दादा आहे.’ मग बूट बाजूला सारत म्हणाला, ‘तू एकटा तरी किती पुरणार म्हणा. पण भांडलास ना?’

मान पुन्हा हलली.

भाऊ आता कुणाच्या तरी दुकानात ओझी उचलतो. आल्यागेल्याला सांगतो, ‘आमचा दादा एकटा नडला होता त्यांना.’ संचालक शेजारी बसून ऐकतो, आणि सांगायचं राहूनच जातं.