बरी झालेली वहिनी

वहिनीला टीबी निघाला तेव्हा घरात कोणी रडलं नाही. संगमनेरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने चुकवल्या नाहीत तर माणूस ठणठणीत होतो. परत येताना दादा हसलासुद्धा. घरी गाई होत्या, त्यातली एक तर वहिनीशिवाय कोणाला कासेला हात लावू द्यायची नाही. आजारी पडायला तिला सवड कुठे होती!

मग तपासणीची गाडी आली. वस्तीवर आमच्याच फाटकासमोर उभी राहिली आणि तिच्या भोंग्यातून क्षयरोगाची माहिती सुरू झाली. शेजाऱ्यांना थुंकीच्या डब्या वाटल्या. त्यांना लागण झालीय का, हे बघायलाच हवं होतं. मला ते आजही पटतं. पण गाडी चार घरं पुढे उभी केली असती तर कोणाच्या बापाचं काय गेलं असतं? आम्ही नाव घेतलं नाही, असं ते म्हणाले. घ्यायची गरजच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दादाचं दूध घेतलं नाही. मी माहेरी आले होते, तणतणत तिकडे गेले. तिचा आजार दुधातून पसरत नाही, आणि दूध तर तुम्ही तापवूनच पिता, असं सगळं बोलले. दूध मोजणारा दादाच्या वर्गातला.

"ताई, मला कळतंय," तो म्हणाला. "पन बाकीचे म्हनत्यात, त्यांचं दूध घेतलं तर आमी दुसरीकडं घालू. मी काय करू, सांगा."

त्या दिवसांत वासरं पिऊन उरलेलं दूध दादा उकिरड्यावर ओतायचा आणि वहिनी दारात बसून बघायची.

गावाचा हिशेब सरळ होता: गोळ्या चालू म्हणजे आजार चालू. गोळ्या घेऊन यायच्या आशाताई, गावातल्याच एका घरची सून, दवाखान्याची औषधं घरोघर पोचवणारी. त्या फाटकातून आत आल्या की वस्ती त्यांच्या खेपा मोजायची. दोनेक महिन्यांत वहिनीचा खोकला थांबला, अंग भरलं. एकदा तिनं त्यांना बाहेरच अडवलं. "मी बरी झाले. आता येऊ नका."

दादानं गावभर तेच सांगितलं. वहिनी स्वतः किटली घेऊन डेअरीवर जायला लागली. दहा माणसांत उभी राहायची, हसून बोलायची, न खोकता परत यायची. दूध पुन्हा सुरू झालं.

आशाताई तिला शेताच्या बांधावर गाठायच्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. "म्हनलं, येवढ्या घ्या वहिनी, मी कुनाला सांगनार न्हाई. त्या हातच पुढं करत नव्हत्या." घरी जाऊन बसावं तर दूध बंद पडणार, नाही जावं तर बाई जाणार. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्या जागी मी काय केलं असतं, तेही कळत नाही.

आजार परत आला तो जुन्या गोळ्यांना जुमानेना. वहिनी गेली. तिच्याइतकी माया मला सख्ख्या बहिणीनंही लावली नव्हती.

दहावा झाल्यावर आशाताई पायी आल्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल, म्हणाल्या. गाडी आणणार नाही, कोणाला कळू देणार नाही. "कुनाला खोकला हाय का?"

"न्हाई," दादा म्हणाला. आशाताई फाटकाकडे निघाल्या.

मी आत गेले. दादाची लेक उशीत तोंड खुपसून खोकत होती.

"कधीपासून गं?"

"मम्मी होती तवापासून." तिनं माझा हात धरला. "आत्या, सांगू नको ना. दूध बंद होईल."

मी तिचा हात सोडवला, फाटकाकडे पळाले आणि आशाताईंना हाका मारल्या. इतक्या मोठ्यानं, की शेजारची दारं उघडली.