विहिरीतली बादली समुद्रात

माझ्या नावावर एक बादली आहे. म्हणजे गेल्या हिवाळ्यापर्यंत होती.

मी दहा वर्षांचा असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो होतो, नरखेड तालुक्यातल्या एका खेड्यात. मामाच्या संत्र्याच्या बागेत पायऱ्यांची विहीर होती. पाठीला वाळका भोपळा बांधून मी तिथे पोहायला शिकलो. एक दिवस दोर तुटला आणि मामीची पितळी बादली पाण्यात गेली. तेव्हा मी भोपळा सोडला, दम कोंडला, थेट तळापर्यंत बुडी मारली आणि बादली घेऊन वर आलो.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती बायकोला बघायला गेलो तेव्हा. तिच्या भावानं विचारलं होतं, "आणखी काय काय येते तुमाले?" पाटबंधारे खात्यातल्या नव्या कारकुनाला काय येणार? फायलीला लेस बांधता येते, असं सांगायचं का? म्हणून बादली काढली. त्या वेळी विहीर दोन पुरुष खोल होती. मुलगी झाली तेव्हा तीन पुरुष झाली. मुलगी शिकून पुण्याला नोकरीला लागली तोवर चार. सगळ्या तालुक्याच्या विहिरींचं पाणी दर वर्षी खाली जात होतं, माझ्या एकाच विहिरीचं वाढत होतं.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीनं आम्हाला अंदमानला पाठवायचं ठरवलं. बेटावरचं रिसॉर्ट, नारळाच्या झाडांत लाकडी खोल्या आणि दोघांसाठी समुद्राखाली बुडी मारायचा कार्यक्रम. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, ते स्कुबा का काय म्हणतात ते.

मला वाटलं, बायको नाही म्हणेल. ती नागपुरातल्या सक्करदऱ्याकडच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. रोज संध्याकाळी आम्ही तिथल्या तलावाच्या बाजूनं फिरायला जातो, तर तिथंही ती काठापासून चार हात लांबून चालते. पाण्याशी तिचा संबंध बादली आणि मग्ग्यापुरता. पण ती म्हणाली, "मी जाते. इतकी वर्षं फळ्यावर प्रवाळ काढून राहिली मी, गुलाबी खडूनं. एकदा खरं पाहू द्या मले." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण एक अट आहे. पूर्ण वेळ तुम्ही माझा हात धरायचा. तुम्ही आहात म्हणून जाऊन राहिली, नाही तर मी त्या पाण्यात पाय नसता टाकला."

"तू काहून भेऊन राहिली वं? मी आहे ना," मी म्हणालो. आणि लागलीच ती चार पुरुष खोल विहीर आठवली.

बेटावर पोचलो. इन्स्ट्रक्टर म्हणून एक मुलगी होती. उन्हानं रापलेली, केस समुद्रानं तांबूस झालेले, वय आमच्या मुलीएवढं. हातात आमचे फॉर्म. ते मुलीनं पुण्याहूनच भरून पाठवले होते. फॉर्म वाचता वाचता ती एकदम अदबीनं उभी राहिली.

"अंकल, आप एक्सपीरियन्स्ड डायव्हर हैं?"

मुलीनं माझ्या नावापुढे तसं लिहून टाकलं होतं! लहानपणापासून ऐकलेली बादली तिनं फॉर्मात ओतली होती.

"थोडाबहुत," मी म्हणालो.

"कहाँ डाइव्ह किया?"

"नरखेड."

"यह मालदीव की तरफ है?"

"काटोल की तरफ."

ती विचारात पडली. "और कितना डीप गए थे?"

"चार पुरुष," बायकोच मध्ये म्हणाली, अभिमानानं.

"चार पुरुष साथ में गए थे?"

मी सांगितलं की पुरुष हे खोलीचं माप असतं, विहिरीचं. विहीर म्हटल्यावर तिनं फॉर्मवरचे दोन शब्द शांतपणे खोडले आणि आम्हा दोघांना नवशिक्यांत घातलं. त्यात माझा अपमान झाला असं बायकोला वाटलं. मला मात्र सुटल्यासारखं झालं. पण ते सुख फार टिकलं नाही.

आधी तो रबरी पोशाख. तो अंगात घालायला बायकोला पाच मिनिटं लागली. मी अर्धा तास त्याच्याशी कुस्ती खेळलो, आणि शेवटी चेन पाठीवर असते, पोटावर नाही, हे कळल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मग मुखवटा. माझ्या मिशा भरघोस आहेत, त्यामुळे काच बसेना, नाकाशी पाणी शिरे. इन्स्ट्रक्टरनं मिशांना व्हॅसलीन चोपडलं. बायको म्हणाली, "लग्नातसुद्धा एवढ्या चमकल्या नव्हत्या."

मग उथळ पाण्यात शिकवणी झाली. नियम मोजून तीन. कान दडपले तर नाक दाबून फुंकायचं. अडचण आली तर हातानं खूण करायची. आणि सगळ्यांत मोठा नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. आत घ्या, बाहेर सोडा, घ्या, सोडा, चालूच ठेवा. बायकोनं मास्तरणीसारखी तिन्ही नियमांची उजळणी करून दाखवली. मीही मान हलवली. खात्यात पंचवीस वर्षं प्रत्येक बैठकीत हलवतो, तशीच.

बोट थोडी आत गेली. आम्ही उतरलो. मधे बायको, एका हाताला इन्स्ट्रक्टर, दुसऱ्या हाताला मी. दोरीला धरून हळूहळू खाली. बायकोनं माझा हात घट्ट आवळला होता, पण ती नियमानं श्वास घेत होती, बुडबुडे सोडत होती. खाली निळसर अंधारात काहीतरी खडकाळ दिसायला लागलं होतं. प्रवाळच असणार. अजून दोनेक पुरुष पाणी राहिलं असेल.

इथे माझ्यातला मामाचा भाचा जागा झाला.

विहिरीत शिकलेल्या माणसाला पाण्याखाली गेलं की एकच गोष्ट कळते, दम कोंड. कुणी सांगावं लागत नाही. माझी छाती आपोआप फुगली, ओठ आवळले आणि हवा आत कुलूपबंद झाली. तोंडात नळी, पाठीवर टाकीभर हवा, आणि मी मात्र जपून वापरतोय! छाती फुगली की शरीर वर येतं, हे विज्ञान मला माहीत होतं, पण छातीला माहीत नव्हतं. मी बुचासारखा वर निघालो. आणि हात सोडणार नाही असं वचन दिलेलं असल्यामुळे मी बायकोलाही घट्ट धरून वर घेऊन निघालो. इन्स्ट्रक्टर खालून माझा पाय ओढत होती, छातीवर थापटत होती, आणि मी तिला वाटेल त्या खुणा करत होतो. काही उपयोग झाला नाही. आम्ही तिघंही वर आलो.

वर आल्यावर ती माझ्या मुलीच्या वयाची मुलगी मला जे बोलली, ते माझी मुलगीही कधी बोलली नाही. "अंकल, साँस रोककर ऊपर आए तो फेफड़ा फट सकता है! आपका भी, और आंटी डर के रोक लेतीं तो उनका भी!" मी मान खाली घातली. मिशांवरून व्हॅसलीन आणि खारं पाणी दोन्ही गळत होतं.

त्या दिवशी पुन्हा उतरणं नव्हतं. तिनं सांगितलं, उद्या सकाळी एक जागा आहे, फक्त एकाची, आणि परवा आमची फेरी बोट. "आंटी बहुत अच्छा कर रही थीं," ती जाता जाता म्हणाली.

 जेवताना बायको भात चिवडत राहिली. मी नागपूरहून नेलेला चिवड्याचा पुडा पुढे केला, तोही तिनं बाजूला सरकवला. मग म्हणाली, "राहू द्या. उद्या मी नाही जात. तुमच्याविना मले नाही जमणार."

इतकी वर्षं मी ज्या बादलीवर बसून राज्य केलं, ती आता तिच्या आणि प्रवाळाच्या मधे येऊन बसली होती. माझा हात धरला म्हणजे सुरक्षित, असं तिला वाटत होतं. आणि त्याच हातानं तिला वर ओढून आणलं होतं.

संध्याकाळी आम्ही वाळूत बसलो होतो. मी म्हणालो, "ऐक. ती बादली मी नव्हती काढली."

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मामानं गळ टाकून काढली. लोखंडी गळ असतो ना, दोरीला बांधून फिरवतात, तो. मी तिसऱ्या पायरीवर होतो. भोपळा पाठीलाच होता. गंमत म्हणून डोकं पाण्यात घातलं अन् दम कोंडला. तेवढंच. माझा हात धरून काही फायदा नाही. उलट तो नसला तर तू खाली जाशील."

मला वाटलं, ती हसेल, किंवा रडेल, किंवा निदान भावाला फोन करेल. ती सरळ बसली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "म्हणजे मी सातवीच्या पोरींना दर वर्षी काय सांगून राहिली?"

"काय सांगतेस?"

"भूजलाचा धडा! विहीर आली की तुमची बादली सांगते मी. हिंमत कशी असावी म्हणून! किती बॅचा गेल्या, माहीत आहे? काही पोरी आता डॉक्टर झाल्या!"

मी हळूच विचारलं, "किती पुरुष सांगतेस?"

"पाच!" ती म्हणाली.

मग आम्ही दोघंही हसलो. आधी ती, मग मी, मग पुन्हा ती, नाकातून. हसता हसता ती उठली, साडीला लागलेली वाळू झटकली आणि म्हणाली, "उद्या मी एकटी जाते. तुम्ही बोटीत बसा. आणि चिवडा कुठं आहे?"

सकाळी ती इन्स्ट्रक्टरसोबत उतरली. दोन डोकी पाण्याखाली गेली आणि बुडबुड्यांचे दोन झुबके उरले. मी त्यांच्यावर डोळे लावून बसलो. तिच्या बाजूचे बुडबुडे थांबले तर? मधे क्षणभर थांबले आणि मी बोटीच्या काठावरून ओणवा झालो. मग पुन्हा आले. बोटवाला माझ्याकडे बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "साहब, आप साँस लो. आप तो ऊपर बैठे हो."

ती वर आली तेव्हा चेहऱ्यावर मुखवट्याचा गोल वण उठला होता आणि नाक वाहत होतं. बोटीची शिडी धरून ती तशीच लटकून राहिली. मी हात दिला. या वेळी तिनं तो घेतला.

"दिसलं?"

तिनं मान हलवली, नाक पुसलं.  मग म्हणाली, "तपकिरी आहे."

"काय?"

"प्रवाळ. जास्त करून तपकिरी. कुठं पिवळसर. सगळं जिवंत, अहो! एक तर डोक्याच्या मेंदूसारखं, एवढं मोठं, त्याच्यात निळे मासे. आणि मी पंचवीस वर्षं गुलाबी खडू झिजवला!"

परत येताना ती बोलतच राहिली. मी पहिल्यांदाच तिची पाण्याची गोष्ट ऐकत होतो. इन्स्ट्रक्टरला माझी दया आली असावी. किनाऱ्याजवळ छातीइतक्या पाण्यात तिनं मला दहा मिनिटं टाकी लावून दिली. बायको शेजारी उभी राहून, डोक्यावर टपल्या मारत, "घ्या... सोडा... सोडा म्हटलं ना!" असं सांगत होती. शेवटी मी सोडला. गुडघ्यांवर बसलो, बुडबुडे कानाजवळून गुडगुडत गेले, आणि समोर वाळूत मला एक समुद्रकाकडी दिसली. आधी वाटलं, कुणाचा पायमोजा राहिला. पण ती हलली, जनावरच होतं ते. मी दहाही मिनिटं तिच्याकडेच बघत बसलो. माझ्या हिशेबात तेवढा समुद्र पुरेसा होता.

नागपूरला आलो आणि वाटलं, सुटलो. पण बायकोनं पुढच्याच सोमवारी मला शाळेत नेलं. सातवीचा वर्ग. फळ्यावर तिनं प्रवाळ काढलं, तपकिरी खडूनं, आणि मुलींना सरळ सांगितलं, "इतकी वर्षं मी तुमच्या ताईंना चुकीचा रंग शिकवला." मग म्हणाली, "आता सरही त्यांचं सांगतील." आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

चाळीस मुली माझ्याकडे बघत होत्या. मी घसा खाकरला. समोरच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, सुरुवातीपासून सांगा."

"तर," मी म्हणालो, "मामाच्या बागेत एक विहीर होती. दोन पुरुष खोल..."

मागच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला.

"दीड," मी म्हणालो.